समुदाय रेडिओ: एफएम बंद करून फक्त इंटरनेटवर जावे का?

प्रश्न असा आहे: पुण्याच्या एका उपनगरात संस्थेचे ५० वॉटचे समुदाय रेडिओ केंद्र आहे. तरुण श्रोते मोबाइलवर गेले, ट्रान्समीटर जुना झाला, देखभालीचा खर्च वाढतो आहे. मग एफएम बंद करून सगळे प्रसारण इंटरनेटवरच न्यावे का? आणि नेले तर कार्यक्रमांत आणि श्रोत्यांत काय बदल होतील?

उत्तर आधीच देतो: एफएम बंद करू नका. स्ट्रीम (इंटरनेटवरून जाणारे थेट प्रसारण) जरूर सुरू करा, पण ते दुसरे केंद्र आहे असे समजून करा. मनोऱ्यावरून जाणारा आवाज आणि इंटरनेटवरून जाणारा आवाज एकाच स्टुडिओतून निघत असले तरी दोघांचा खर्च वेगळा, वेळ वेगळी, कायदा वेगळा. सर्वांत मोठा फरक असा की, एका ठिकाणी श्रोता मोजता येतो आणि दुसऱ्या ठिकाणी येत नाही. हा फरक नीट समजून घेतला नाही, तर केंद्र हळूहळू मोजता येणाऱ्या श्रोत्याचेच होते आणि ज्यांच्यासाठी ते काढले ती माणसे निसटतात.

खर्चापासून सुरुवात करू. ५० वॉटच्या ट्रान्समीटरला दहा जण ऐकोत किंवा दहा हजार, वीज तेवढीच लागते. स्ट्रीमचे तसे नाही. सेकंदाला ६४ किलोबिटच्या स्ट्रीमवर एक श्रोता तासाला २८.८ एमबी डेटा ओढतो. शंभर जण एकाच वेळी ऐकू लागले तर ६.४ मेगाबिटची क्षमता लागते, हजार झाले तर ६४ मेगाबिट. म्हणून कार्यालयातल्या ब्रॉडबँडवरून थेट श्रोत्यांना स्ट्रीम देऊ नका. कार्यालयातून फक्त एक प्रवाह डेटा सेंटरमधल्या सर्व्हरकडे पाठवा आणि श्रोत्यांना तिथे जोडा. श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर रोज दोन तास ऐकणाऱ्याचा महिन्याला सुमारे १.७ जीबी डेटा जातो. रोजचा दीड जीबी असलेल्याला ते जाणवणार नाही. पण साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या घरकामाच्या बाईला किंवा मार्केट यार्डातल्या हमालाला तो पर्यायच नसतो. त्यांच्या फोनमध्ये एफएम मात्र असते आणि ते फुकट असते.

याच संदर्भात एक गोष्ट निवेदकांनी अधूनमधून हवेवर सांगायला हवी. बहुतेक फोनमधल्या एफएमला तारेचा इअरफोन लागतो, कारण ती तारच अँटेना असते. ९०.४ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३.३ मीटर, तिचा चौथा हिस्सा ८३ सेंटीमीटर, आणि इअरफोनची तार त्या कामाला पुरते. ब्लूटूथवर हे होत नाही. तार खोचून मग आवाज फोनच्या स्पीकरवर घेता येतो, हे पुष्कळांना माहीत नसते. अनेक नव्या फोनमधून इअरफोनचे भोक गेले, काहींत चिप असूनही एफएम बंद ठेवलेले असते. सरकारने २०२३ मध्ये उत्पादकांना एफएमची सोय बंद न करण्याची सूचना दिली होती. तेव्हा ‘तरुण मोबाइलवर गेले’ याचा एक अर्थ असाही असतो की, त्यांच्या हातातल्या वस्तूतून रेडिओच काढून घेतला गेला.

आधी मनोऱ्याकडे पाहा

श्रोते कमी झाले असे वाटते तेव्हा पहिला संशय कार्यक्रमावर येतो. माझा पहिला संशय केबलवर असतो. दहा-बारा वर्षे पावसात उभी असलेली अँटेना आणि तिची केबल किती शक्ती खाते हे कुणी मोजलेलेच नसते.

हिशेब सोपा आहे. सामान्य आरजी-२१३ केबलमध्ये एफएमच्या पट्ट्यात ३० मीटरला साधारण २ डीबी (डेसिबल, शक्तीतली घट-वाढ मोजायचे माप) जातात. म्हणजे ट्रान्समीटरने ५० वॉट दिले तर अँटेनाला ३१-३२ वॉटच पोहोचतात, तेही केबल नवी असताना. त्याच लांबीला अर्ध्या इंचाची फोम हेलियाक्स टाकली तर नुकसान ०.७ डीबीच्या आसपास राहते आणि ४३ वॉट वर जातात. चार बे (एकावर एक चार घटक) असलेली वर्तुळ-ध्रुवित (उभ्या-आडव्या दोन्ही लहरी सोडणारी) अँटेना शक्ती जवळपास दुप्पट करते. म्हणजे पहिल्या केबलवर परिणामी प्रसारित शक्ती (ईआरपी) ६३ वॉट आणि दुसऱ्या केबलवर ८६ वॉट. परवान्यातली या शक्तीची मर्यादा १०० वॉट आहे, म्हणजे हा फायदा पूर्ण कायदेशीर आहे आणि फक्त केबल बदलून मिळतो. प्रसारित शक्ती निम्मी झाली तर पल्ला निम्मा होत नाही, साधारण १५ ते ३० टक्के घटतो. मात्र क्षेत्रफळाच्या हिशेबाने तीन ते पाच दशांश वस्ती हातची जाते.

उंचीचा परिणाम शक्तीपेक्षा मोठा असतो. जमिनीलगतच्या प्रसारणात अँटेनाची उंची दुप्पट केली की ग्रहणात सुमारे ६ डीबीची भर पडते, म्हणजे शक्ती चौपट केल्यासारखे. नियमाने जमिनीपासून १५ ते ३० मीटर उंची चालते. तुमचा मास्ट (अँटेनाचा खांब) १८ मीटरवर असेल तर नवा ट्रान्समीटर घेण्याआधी मास्टचा विचार करा.

परावर्तित (अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परत येणाऱ्या) शक्तीचा आकडा रोज वहीत लिहा. व्हीएसडब्ल्यूआर (हे परावर्तन दाखवणारे गुणोत्तर) १.५ असेल तर चार टक्के, म्हणजे ५० वॉटला २ वॉट परत येतात, ते सोसवते. २ झाला की अकरा टक्के, साडेपाच वॉट, आणि बहुतेक ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती आपोआप उतरवू लागतात. ऑपरेटरला हिरवा दिवा दिसतो, श्रोत्याला खरखर. आकडा पावसात चढत असेल आणि दोन दिवस ऊन पडल्यावर उतरत असेल, तर कनेक्टरमध्ये पाणी आहे. कायम चढलेला असेल तर केबल कुठेतरी दुमडली आहे किंवा अँटेनाचा एखादा घटक गेला आहे. खात्री करायला ट्रान्समीटरच्या मागे अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (शक्ती जिरवणारा रोधक) लावा. परावर्तन शून्यावर आले तर ट्रान्समीटर निर्दोष आहे, दोष वरच्या बाजूला आहे. कनेक्टरला स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, तिच्यावर उन्हापासून बचावासाठी काळी पीव्हीसी टेप, आणि केबल इमारतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडेल. हे काम वळवाच्या आधी झाले पाहिजे. विजांचा काळ तोच असल्याने मास्टचे अर्थिंग आणि केबलवरचा सर्ज अरेस्टरही (विजेचा झटका जमिनीत वळवणारे साधन) तेव्हाच तपासा.

मग एक दिवस गाडीतून किंवा दुचाकीवरून फिरा. एकच साधा रेडिओ, एकच आवाजाची पातळी, दर किलोमीटरला थांबून १ ते ५ असे गुण. पुण्याची जमीन टेकड्यांची आहे. वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई, कात्रजचा घाट यांच्या मागे छाया पडतेच, आणि १०० वॉटला ती भरून काढता येत नाही. बाणेर, खराडी, हिंजवडीकडच्या काचेच्या इमारती वेगळा त्रास देतात: सिग्नल भरपूर असतो पण परावर्तनामुळे तो फाटतो, आणि रेडिओ एक-दीड मीटर सरकवला की साफ होतो. जिथे छाया आहे आणि जिथे सिग्नल फाटतो, त्या वस्त्यांसाठी स्ट्रीम हा खरा उपाय आहे. नकाशावर त्या वस्त्या रंगवून ठेवा. स्ट्रीमची जाहिरात आधी तिथे करायची.

स्ट्रीमची साखळी वेगळी

सर्वांत जास्त आढळणारी चूक अशी की, एफएमच्या प्रोसेसरमधून बाहेर आलेला आवाजच एन्कोडरला (आवाजाचा स्ट्रीम बनवणाऱ्या यंत्राला) जोडलेला असतो. तो आवाज एफएमसाठी तयार केलेला आहे. त्यात ५० मायक्रोसेकंदांचा प्री-एम्फसिस आहे, म्हणजे उंच स्वरांना दिलेली उचल, १५ किलोहर्ट्झला सुमारे १३.७ डीबी. रेडिओ संच ती उचल परत खाली आणतो, फोनचा प्लेअर आणत नाही. आवाज चिरका होतो. शिवाय त्यात क्लिपिंग (आवाजाची शिखरे कापणे) आहे, आणि क्लिपिंगने तयार झालेले कचऱ्यासारखे स्वर कोडेकचे (आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धतीचे) बिट खातात. म्हणून मिक्सरनंतर लगेच वितरण अ‍ॅम्प्लिफायर लावा, एक शाखा एफएम प्रोसेसरकडे आणि दुसरी हलक्या कॉम्प्रेसर-लिमिटरमधून एन्कोडरकडे. स्ट्रीमची लाउडनेस उणे १६ ते उणे १८ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या सरासरी पातळीचे एकक) ठेवा आणि शिखर उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, कारण कोडेक स्वतः थोडी भर घालतो.

दोन स्ट्रीम द्या. एक एचई-एएसी (कमी डेटात चालणारा कोडेक) ६४ किलोबिटचा, दुसरा ३२ किलोबिटचा, नेटवर्क अशक्त असलेल्यांसाठी. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर आणि स्ट्रीम साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर तो अडवतो. ‘आमच्या फोनवर लागत नाही’ अशा तक्रारीत आधी हेच पाहायचे. एन्कोडरसाठी स्वतंत्र छोटा संगणक ठेवा, त्याला वायफाय नको, लॅनची तार हवी, आणि आपोआप अद्ययावत होऊन बंद-चालू होण्याची सोय बंद हवी. ब्रॉडबँड गेला की सिमकार्डच्या राउटरवर आपोआप जावे अशी जोडणी करा. स्ट्रीमवर २० ते ३० सेकंद शांतता राहिली तर संदेश यावा, अशी व्यवस्था लावा. तपासणीचा फोन मात्र मोबाइल डेटावर असू द्या. कार्यालयाच्या वायफायवर सगळे छान चाललेले असते आणि बाहेर कुणालाच ऐकू येत नसते, असे होते.

फोनच्या स्पीकरची मर्यादा कार्यक्रम करणाऱ्यांनी समजून घ्यायला हवी. साधारण ३०० हर्ट्झच्या खाली तो काही देतच नाही. भजनाच्या ध्वनिमुद्रणात पखवाजाचा घुमारा आहे म्हणून टाळ मागे ठेवले, तर फोनवर पखवाज जातो आणि टाळही पुढे येत नाहीत. मिक्स झाल्यावर एकदा फोनच्या स्पीकरवर, शेजारी नळ किंवा पंखा चालू ठेवून ऐका. ऐकणारा तसाच ऐकतो.

श्रोत्यांकडून येणारे व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस नोट ही नव्या तंत्राची खरी देणगी आहे. पूर्वी ज्या आजीला स्टुडिओत आणण्यासाठी रिक्षा करावी लागे, ती आता ओवी घरून पाठवते. पण त्या आवाजाची रुंदी कमी असते, आणि तो पुढे एमपी३ होतो, मग एएसी होतो. प्रत्येक टप्प्यावर काही तरी झिजते आणि शेवटी आवाज पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. यावर उपाय म्हणजे फोनच्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण करून ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगणे. तोंड आणि फोन यांत एक वीत अंतर, फोन तिरका, पंखा बंद. केंद्रातला साठा डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये (आवाज न झिजवणाऱ्या फाइलींत) ठेवा. एमपी३चा साठा ठेवणाऱ्यांना काही वर्षांनी पस्तावा होतो.

उशिराचा प्रश्न

अ‍ॅनालॉग एफएमवर स्टुडिओतला शब्द श्रोत्यापर्यंत जवळजवळ त्याच क्षणी पोहोचतो. स्ट्रीमवर नाही. आइसकास्ट (स्ट्रीम वाटणारे सॉफ्टवेअर) सर्व्हर नव्या श्रोत्याला सुरुवातीला ६४ केबीचा घास देतो. ६४ किलोबिटला तो ८ सेकंदांचा होतो आणि ३२ किलोबिटला १६ सेकंदांचा. म्हणजे ज्याचे नेटवर्क अशक्त तो आणखी मागे. स्ट्रीम तुकड्या-तुकड्यांनी पाठवणाऱ्या एचएलएस पद्धतीत सहा सेकंदांचे तुकडे असतील आणि प्लेअर तीन तुकडे साठवून मग सुरू करत असेल, तर १८ सेकंद तिथेच गेले, वर एन्कोडर आणि सर्व्हरचा वेळ.

याचे परिणाम साधे पण खोल आहेत. ‘आत्ता बरोबर सात वाजले’ हे वाक्य स्ट्रीमवर खोटे ठरते, म्हणून वेळ सांगताना ‘सात वाजून गेले आहेत’ अशी सवय लावा. फोन-इनमध्ये श्रोता स्ट्रीम चालू ठेवून बोलू लागला तर त्याला स्वतःचा आवाज वीस सेकंदांनी ऐकू येतो आणि तो गोंधळतो. रेडिओ बारीक करा हे सांगून भागत नाही, प्लेअर बंदच करायला सांगावे लागते. प्रश्नमंजूषेत ‘पहिला फोन करणारा विजेता’ ही पद्धत आता अन्यायाची झाली, कारण एफएमवाला नेहमी आधी फोन करतो. उत्तरे संदेशाने घ्या आणि पुढचे गाणे संपेपर्यंत मुदत ठेवून सोडत काढा.

आणखी एक बदल लक्षात यायला वेळ लागतो. एका सभागृहात बचत गटाच्या पंधराजणी पंधरा फोनवर एकच कार्यक्रम लावतात तेव्हा प्रत्येकीचा आवाज वेगवेगळ्या क्षणी येतो आणि कुणालाच काही कळत नाही. रेडिओने एकत्र ऐकण्याची जी सवय लावली ती स्ट्रीम मोडतो. सामूहिक श्रवणासाठी एक चांगला संच किंवा एकच फोन आणि एक स्पीकर, हेच सांगावे लागेल.

विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी हे सगळे एकदम अंगावर येते. अलका टॉकीज चौकात उभ्या माणसाला एफएमवर ढोल आत्ताचा ऐकू येतो, स्ट्रीमवर पंधरा-वीस सेकंदांपूर्वीचा. लक्ष्मी रस्त्यावर त्या दिवशी गर्दीमुळे मोबाइल डेटा बसतो, म्हणून वार्ताहराने फोनवरून थेट आवाज द्यायचा बेत एकट्या सिमवर ठेवू नका. रस्त्यालगतच्या एखाद्या ओळखीच्या दुकानाची किंवा पहिल्या मजल्यावरच्या घराची तारेची ब्रॉडबँड जोडणी आधी ठरवून घ्या, दुसरा मार्ग म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, आणि काहीही झाले तरी वार्ताहराजवळच्या रेकॉर्डरवर मूळ ध्वनिमुद्रण चालू. आवाज एसआरटी प्रोटोकॉलने (इंटरनेटवरून थेट आवाज पाठवण्याची एक पद्धत) पाठवत असाल तर त्याचा मूळ १२० मिलिसेकंदांचा साठा शहरातल्या तारेच्या जोडणीला पुरतो. मोबाइलवर तो दीड-दोन सेकंदांपर्यंत वाढवा, नाहीतर आवाज तुटत राहील. निवेदक आणि वार्ताहर यांच्यात सवाल-जबाब मग जमत नाहीत. वार्ताहराने दोन-तीन मिनिटे सलग वर्णन द्यावे, हे जास्त चांगले.

दिसणारा श्रोता आणि न दिसणारा

स्ट्रीमचा सर्व्हर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो. हा आकडा पहिल्यांदा हाती येतो तेव्हा केंद्रातल्या सगळ्यांना फार आनंद होतो, आणि मग त्याच आकड्याची चाकरी सुरू होते. तो वाचायचा कसा हे आधी ठरवा.

नोंद जोडणीची असते, माणसाची नसते. घरातून निघालेला श्रोता वायफायवरून मोबाइलवर गेला की दुसरी जोडणी, सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मेट्रोत नेटवर्क तुटले तर तिसरी. तो एकच माणूस तीन श्रोते झाला. उलट, मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे पत्ते मोजले तर तीन माणसांचा एक होतो. म्हणून दोन्ही आकडे बाजूला ठेवा. एक मिनिटाच्या आतल्या जोडण्या गाळा, स्वतःचे तपासणीचे फोन आणि यंत्रांच्या चौकश्या गाळा, आणि उरलेल्यांचे एकूण श्रवण-तास काढा. दिवसाला १२ तास प्रसारण आणि २४० श्रवण-तास असतील तर सरासरी कोणत्याही क्षणी २० जण ऐकत होते. हा आकडा विश्वासाचा आहे. तुलना त्याच वाराच्या त्याच वेळेशी, चार आठवड्यांच्या सरासरीवर करा. एका दिवसाचा आलेख पाहून कार्यक्रम बदलू नका.

एफएमचा श्रोता कुठेच उमटत नाही. देशात व्यावसायिक एफएमसाठी डायरी पद्धतीचे (श्रोत्यांनी वहीत नोंद करायचे) श्रोतामापन झाले ते दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूर या चार महानगरांत. पुणे त्यात नव्हते. दूरचित्रवाणीत मोजणी आहे, पण मोजणीच कार्यक्रम कसे घडवते आणि त्यावर वाद कसे होतात हेही तिथेच दिसले. ऑक्टोबर २०२० मध्ये बार्क या प्रेक्षकमापन संस्थेने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. समुदाय रेडिओला कोणाशी स्पर्धा नसते, तरीही आलेखाची ओढ तीच असते. रात्री नऊला आयटीतल्या तरुणांची मुलाखत आलेखावर उंच दिसते, दुपारी दोनला बांधकामावरच्या मजुरांसाठीचा आरोग्याचा कार्यक्रम दिसतच नाही, आणि वर्षभरात दुसरा कार्यक्रम बंद पडतो. मला हे फार चुकीचे वाटते, कारण परवाना दुसऱ्या श्रोत्यासाठी दिलेला असतो.

न दिसणाऱ्या श्रोत्यासाठी घरोघर जाऊन विचारण्याला पर्याय नाही. २०० घरांची पाहणी केली तर उत्तरात साधारण ७ टक्के इकडे-तिकडे होऊ शकते, ४०० केली तर ५ टक्के. शहरातल्या छोट्या केंद्राला २०० पुरतात. पण घरे निवडताना सोयीची घेऊ नका. गल्लीतले एक घर चिठ्ठीने ठरवून मग प्रत्येक पाचवे घर घ्या, आणि निम्म्या भेटी संध्याकाळी ठेवा, नाहीतर नोकरी करणारे सुटतात. ‘आमचे केंद्र ऐकता का?’ असे कधीही विचारू नका. समोरचा माणूस भिडेपोटी हो म्हणतो. ‘काल सकाळी सात ते नऊ या वेळात घरात काय लावले होते?’ असे विचारा, मग ‘कशावर?’, मग ‘कोणते केंद्र?’. आकाशवाणी पुण्याच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्या, गाडीतला खासगी एफएम, यूट्यूबवरचे अभंग, सगळे त्यात आपोआप येते, आणि त्यांच्यामध्ये तुमची जागा कुठे आहे ते खरे कळते.

गाण्यांचा कायदा

हा मुद्दा केंद्रांना सर्वांत उशिरा कळतो. प्रताधिकार कायद्याचे कलम ३१-ड प्रसारण संस्थांना ठरलेले मानधन देऊन गाणी लावण्याचा वैधानिक परवाना देते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले की, हे कलम रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी आहे, इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला ते लागू नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही हेच मत कायम ठेवले. म्हणजे एफएमवर कायदेशीरपणे लावलेले चित्रपटगीत त्याच क्षणी तुमच्या स्ट्रीमवर गेले तर त्यासाठी हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते.

व्यवहारात दोन मार्ग आहेत. ऑटोमेशन सॉफ्टवेअरला दोन आउटपुट द्यायचे आणि एफएमवर गाणे चालू असताना स्ट्रीमवर केंद्राचे स्वतःचे ध्वनिमुद्रण वाजवायचे. त्यासाठी प्रत्येक गाण्याच्या लांबीएवढा पर्याय तयार लागतो आणि जुळवाजुळव किचकट असते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: कार्यक्रमच स्थानिक संगीतावर उभे करायचे. भजनी मंडळे, ओव्या, पोवाडे, शाळांची गाणी. मात्र प्रत्येक गायक-वादकाची लेखी संमती घ्या आणि तिच्यात ‘एफएम, इंटरनेट स्ट्रीम, पॉडकास्ट आणि समाजमाध्यमे’ असे चारही उल्लेख असू द्या. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण म्हणून त्यांचे कोणतेही ध्वनिमुद्रण सर्वांचे होत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो आणि संगीतकाराचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे.

आकाशवाणीच्या बातम्या समुदाय केंद्राला जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून लावता येतात, आणि प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपावे लागते. ती नोंद ठेवणारे लॉगर यंत्र एफएमच्या रिसीव्हरला जोडा, मिक्सरला नको. हवेत खरोखर काय गेले याचा पुरावा तोच असतो.

यंत्राच्या आवाजाबद्दल थोडे. मराठी मजकूर वाचणारी सॉफ्टवेअर आता ऐकण्याजोगी झाली आहेत आणि छोट्या केंद्राला मोह होणारच. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकासारख्या सूचनांना ती चालतील. पण ‘चाकण’ आणि ‘चिंचवड’ यांतला च वेगळा, ‘जुन्नर’ आणि ‘जेजुरी’ यांतला ज वेगळा, हे त्यांच्याकडून चुकते. पावणेआठ लिहिले नाही तर ‘सात पंचेचाळीस’ असे वाचले जाते. प्रत्येक सूचना माणसाने पूर्ण ऐकून मगच लावा, आणि आवाज यंत्राचा आहे हे हवेवर सांगा. मुलाखतीत, गोष्टीत, कुणाच्या दुःखाच्या बातमीत यंत्राचा आवाज नको. 

पाऊस आणि वीज

एफएम ठेवण्याचे सर्वांत ठोस कारण शेवटी सांगतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा किंवा सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा लोकांना सर्वांत जास्त गरज होती ती आपल्या गल्लीच्या माहितीची. अशा वेळी वीज जाते, काही तासांनी मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरतात, उरलेल्या मनोऱ्यांवर गर्दी होते. ५० वॉटचा एफएम बॅटरीवर चालू राहू शकतो आणि दोन सेल घातलेला रेडिओ तो पकडतो. पाणी, वीज, वाहतूक, हवामान, आपत्ती आणि आरोग्य यांबाबत स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना समुदाय केंद्राला देता येतात. धोरणात त्या बातम्या धरल्या जात नाहीत.

तयारी अशी. ट्रान्समीटर, एक लॅपटॉप, छोटा मिक्सर आणि माइक, इतकेच आपत्कालीन जोडणीवर ठेवा. सगळे मिळून २५० वॉटच्या आत बसते. सहा तासांना दीड युनिट वीज लागते. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांत ३.६ युनिट मावतात, पण त्यातली निम्मीच वापरायची, आणि इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के जातात. हाती उरते दीड युनिट. एअर कंडिशनर आणि स्टुडिओचे दिवे चुकून याच जोडणीवर असतील तर हा हिशेब तासाभरात कोसळतो.

सूचना वाचताना आधी ती कुणी आणि किती वाजता काढली ते सांगा, मग मजकूर, मग पुन्हा वेळ. खडकवासल्याचा विसर्ग क्युसेकमध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. तो आकडा ऐकून नदीकाठच्या माणसाला काही करता येत नाही. प्रशासनाच्या सूचनेत भिडे पूल किंवा एखाद्या सोसायटीचा उल्लेख असेल तर तो आधी वाचा, आकडा नंतर. दर पंधरा मिनिटांनी तीच सूचना वाचा, काही बदलले नसले तरी. कारण रेडिओ आत्ताच लावणाऱ्याला मागचे ऐकता येत नाही. स्ट्रीमवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हीच सूचना टाकाल तेव्हा तारीख आणि वेळ आवाजातच असू द्या. रेडिओवरचा शब्द विरून जातो, फोनवरची क्लिप फिरत राहते, आणि मागच्या वर्षीची सूचना यंदा कुणाच्या तरी गटात पुन्हा उगवते.

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा मुख्य वीज आणि ब्रॉडबँड दोन्ही तासभर काढून ठेवा आणि प्रसारण चालू ठेवा. गाण्यांचा साठा क्लाउडवर असेल तर तो उघडणार नाही, मनोऱ्याच्या इमारतीकडे जाणारा आवाज इंटरनेटवरून जात असेल तर तोही तुटेल, प्रशासनाचा क्रमांक ज्याच्या फोनमध्ये आहे तो माणूस त्या दिवशी रजेवर असेल. यातले जे जे बंद पडेल ते त्याच तासात लिहून काढा आणि पालखी पुण्यात येण्याआधी दुरुस्त करा.